चिरलेल्यांनी वर चढू नये

वर

भट्टीच्या माथ्यावर उभं राहायचं तर पाय हलते ठेवावे लागतात. एका जागी थांबलं की टायरची चप्पल मऊ पडते, मग तिचा वास येतो आणि खालची माणसं हसतात. आगवाल्याच्या चपलेचा वास आजवर कुणाला आला नव्हता.

पायाखाली उभी रचलेली कौलं, थरावर थर. त्यांच्याखाली आग. माथ्यावर फुटक्या कौलांचं पांघरूण आणि त्यात जागोजागी झाकणं. लोखंडी सळईनं झाकण उचलायचं, डोळे बारीक करायचे, आत रंग बघायचा, झाकण टाकायचं, ओरडायचं.

"डावं तोंड, एक ओंडका! मधलं थांबव!"

खाली त्याची बायको भट्टीच्या तोंडात लाकूड सारायची. सगळी वस्ती तिला काकू म्हणायची आणि तोही चारचौघांत तेच म्हणायचा.

भट्टी पेटली की कौलं भाजून होईपर्यंत विझवायची नसते. मध्येच गार झाली तर आतलं एकूण एक कौल तडकतं. मागची भट्टी तडकूनच गेली होती. तळ्याच्या नव्या अंगाची माती वाळूमिश्रित निघाली, आगवाल्याला रंग उशिरा कळला आणि भट्टी उघडली तेव्हा आत नुसता चुरा. मालक मुकादमाला म्हणाला होता, "म्हाताऱ्याचे डोळे गेले वाटतं. ही पण तडकली तर बाहेरचा माणूस आणू." मुकादमाने ते आगवाल्याला सांगितलं नाही. सगळ्या वस्तीला सांगितलं.

म्हणून त्या सकाळी जांघेतली गाठ आत जाईना तेव्हा तो तिच्यावर पट्टा आवळून वर चढला.

गाठ जुनी होती. रोज पहाटे उताणं पडायचं, गुडघे वर घ्यायचे, बोटांनी तिला हळूहळू आत सारायचं आणि वरून धोतराच्या जुन्या कापडाचा पट्टा बांधायचा. ओझी उचलणाऱ्या निम्म्या पुरुषांच्या कमरेला असा पट्टा होता. कुणी कुणाला विचारत नसे.

दुपारी त्याला ओकारी झाली. झाकणाशेजारीच. तो सळईवर टेकून उभा राहिला, आणि त्याचे पाय थांबले.

खालून काकूला रबराचा वास आला.

खाली

"काय होतंय?"

"जरा आहे."

त्या वस्तीत 'दुखतंय' म्हणायची रीत नव्हती. जो दुखतंय म्हणेल त्याला मुकादम म्हणे, मग घरी बस. म्हणून माणसं 'जरा आहे' म्हणायची. बोट चिमटलं तरी जरा आहे, बरगडी मोडली तरी जरा आहे. किती ते ऐकणाऱ्याने तोंडाकडे बघून ओळखायचं.

काकूने ओळखलं. तिने त्याला लाकडांच्या आडोशाला निजवलं आणि त्या वस्तीतल्या कुणीही केलं असतं तेच केलं. भट्टीच्या तोंडाशी तापलेलं एक कौल चिमट्याने ओढलं, फडक्यात गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं.

"शेक. बसेल खाली."

त्याने ते जांघेवर दाबून धरलं. पोटशूळ, पाठ, दात, बाळंतपण, सगळ्यावर त्यांच्याकडे गरम कौल. फडकं कधी सरकलं ते त्याला कळलं नाही. अंगाच्या कातडीला चटका ओळखण्याची सवयच राहिली नव्हती. कळलं ते काकूला, जळक्या वासावरून.

गाठ बसली नाही. दगडासारखी झाली होती. पुन्हा ओकारी झाली, हिरवी.

मुलगा कौलांचा टेम्पो चालवायचा. त्याने मागे पेंढा अंथरला. मुकादम आला, चष्मा पुसत उभा राहिला.

"नेताय म्हणता? आणि वर कोण?"

दुसरा आगवाला मागची भट्टी तडकल्यावर निघून गेला होता. काकूने पदर खोचला आणि भिंतीला टेकलेली सळई उचलली.

"बाईमाणूस सळई घेऊन वर?" मुकादम म्हणाला.

"मग तुम्ही चढा. मी चष्मा पुसते."

टेम्पोत पडलेला आगवाला कोपरावर उठला. "अगं, उजवी बाजू मागे आहे. तांबूस झाल्याशिवाय घाई करू नकोस. तिला—"

"पडा. इतकी वर्षं खालून ऐकतेच आहे मी."

ती शिडी चढली तेव्हा त्याने मान फिरवली. सळई दुसऱ्याच्या हातात बघायची त्याला सवय नव्हती.

वाटेत

"कुठल्या दवाखान्यात?"

"मोठ्या रस्त्यावरच्या. सरकारी."

"तिथे कोण आहे?"

मुलाने गिअर बदलला.

"तिथे ठिकरी आहे ना रे?"

"बाबा, ती डॉक्टर आहे. तिथे कापणारी डॉक्टर एकच आहे."

"गाडी शहराकडे घे."

"शहर अर्ध्या दिवसावर आहे."

"घे म्हणतो ना!"

मुलाने ऐकलं नाही. बापाचं न ऐकण्याची ती त्याची पहिलीच वेळ. स्टिअरिंगवरचे हात घामाने निसटत होते, ते तो आळीपाळीने पँटला पुसत राहिला.

व्हरांडा

आत जागा होईपर्यंत स्ट्रेचर व्हरांड्यात ठेवलं होतं. आगवाला वर बघत पडला. छप्पर कौलारू होतं आणि प्रत्येक कौलाच्या पोटावर पानाची छाप होती. त्यांच्याच भट्टीची. रंग गडद, सगळीकडे सारखा, कुठे काळं नाही, कुठे फिकं नाही.

"ही माझ्या हातची नाहीत," तो म्हणाला.

"कोणाच्या हातची?" मुलाने उगाच विचारलं.

तेवढ्यात ठिकरी आली. मुकादमापासून मालकापर्यंत आता तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत, पण लहानपणी फुटक्या कौलांच्या ढिगात खेळायची म्हणून पडलेलं नाव वस्तीने सोडलं नव्हतं. तिचा बाप आगवाल्याच्या आधी त्या माथ्यावर सळई घेऊन चालायचा. मग त्याचं अपेंडिक्स काढलं.

चिरलेल्या माणसाने वर चढायचं नाही, हा भट्टीचा नियम. आग चिरलेल्याला खरा रंग दाखवत नाही, असं म्हणत. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ते कुणाला माहीत नव्हतं. टाके पडलेला माणूस खाली उतरायचा आणि स्वतःच्या हाताने सळई पुढच्याला द्यायचा. ठिकरीच्या बापाने ती ह्या माणसाला दिली होती. त्यानंतर तो माती तुडवत राहिला, पायांच्या भेगांतून रक्त येईपर्यंत, आणि शेवटी थंड मातीतच बसल्या जागी गेला.

"काका," ठिकरी म्हणाली. "पट्टा सोडते."

त्याने दोन्ही हातांनी पट्टा धरला. "ठिकरी, तू नको."

"दुसरं कोणी नाही."

"लहानपणी तुला कडेवर घेतलंय मी. तू माझं… तू नको बघूस."

ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली, त्याला तिचा चेहरा दिसणार नाही अशी, आणि सिस्टरला पट्टा सोडायला सांगितला. मग तशीच वाकून गाठ चाचपली. तो छपराकडे बघत राहिला.

भूल देणारे डॉक्टर तिथे आले. शहरातून बदली होऊन आलेले, गोड बोलणारे. "दुखतंय का आजोबा?"

"जरा आहे."

"मग ठीक. आधी सोनोग्राफी करून घेऊ—"

"नाही," ठिकरी म्हणाली. "लगेच घ्यायचं. ह्यांना सहन होत नाहीये."

"ते तर म्हणतात जरा आहे."

"तेच म्हणते मी."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग गाठीशेजारच्या कातडीकडे. तिथे ताजा भाजलेला डाग उठला होता, लालभडक. पानाच्या आकाराचा, शिरांसकट.

"हे काय?"

"कौल. शेकलंय." तिने सलवार घोट्याच्या वर जरा ओढली. नडगीवर तेच पान, पांढरं पडलेलं. "आमच्याकडे सगळ्यांना असतं."

डॉक्टर आगवाल्याकडे वळले. "अजिबात घाबरू नका आजोबा. आतडं अडकलंय, मोकळं करायचं. तीन महिन्यांत पहिल्यासारखे कामाला लागाल."

आगवाल्याने ठिकरीकडे पाहिलं. मुलानेही पाहिलं. तिने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"ते माझ्या हातात नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांना हे विचित्र वाटलं. ते हात धुवायला गेले.

आगवाला हळू बोलायला लागला. वाक्य अर्ध्यात तोडून, दात चावून. "दुसऱ्या कुणी चिरलं असतं तर घरी सांगितलं असतं, जुलाब झाले होते. पाहुण्यांकडे गेलो होतो. तू चिरलंस तर वस्तीला कळणारच."

"मी कुणाला सांगणार नाही."

"तू सांगितलं नाहीस तरी तुझं गप्प बसणं कळतं आम्हाला. तू आमचीच ना." त्याने श्वास घेतला. "आणि तुझ्या बापाच्या वेळी मुकादमाने मला विचारलं होतं. ठेवू का ह्याला वर? मी म्हणालो, नियम म्हणजे नियम."

"माहीत आहे. सळई तळ्यावर धुऊन आणायला मलाच पाठवलं होतं."

"मग कशी चिरशील मला?"

"सगळ्यांना चिरते तशी."

सिस्टरने कागद पुढे केला, त्याने हात मागे घेतला. ठिकरी खाली वाकली.

"काका, वर कोण आहे आत्ता?"

"काकू."

"तुम्ही इथे गेलात तर निरोप जाणार. निरोप गेला की काकू खाली उतरणार. मग भट्टी?"

त्याचे डोळे तिच्यावर टेकले. असलं बोलणं कुठल्याही बाहेरच्या डॉक्टरला सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तर तो ते बोलला नसता.

"तडकेल," तो म्हणाला.

सिस्टरने शाईचा डबा उघडला.

"अंगठा नको. सही येते मला," आगवाला म्हणाला. सही करताना त्याला पुन्हा ओकारी आली. अक्षर वाकडं गेलं, पण त्याने ते पूर्ण केलं.

आत आणि वर

आत: ठिकरीने पानाचा डाग चुकवून छेद घेतला. जळल्या कातडीत टाका धरत नाही.

वर: काकूने पहिलं झाकण उचललं. झळ तोंडावर आली, भुवया करपल्या. तिने डोळे मिटले नाहीत.

आत: कातडी, चरबी, मग ओझी वाहून जाड झालेला स्नायू. आवळलेली कडी कापली तेव्हा आतडं मोकळं झालं. जांभळं, जवळजवळ काळं.

वर: उजव्या बाजूला काळं दिसत होतं. डाव्या बाजूला तांबूस. "उजवं तोंड, दोन ओंडके!" काकू ओरडली. तिच्या जागी खाली लाकूड सारायला मुकादमच उभा होता. दुसरं कुणी नव्हतं.

आत: "कापून टाकायचं का?" भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं. "काळंच आहे."

"थांबू."

तिने गरम सलाईनमध्ये भिजवलेले कापडाचे तुकडे मागवले, आतडं त्यांत गुंडाळलं आणि हात बाजूला घेतले. आता करण्यासारखं काही नव्हतं. रंग येतो का बघायचं. बापाजवळ ती माथ्यावर बसायची तेव्हा तो हेच सांगायचा, वर उभं राहणाऱ्याचं काम थांबण्याचं आहे. लाकूड काय, कोणीही घालतं.

वर: "अजून घालू?" मुकादमाने खालून विचारलं.

"थांबा!"

आत: कापड उघडलं. काळपट. पुन्हा झाकलं.

वर: झाकण उचललं. काळपट. पुन्हा टाकलं. काकूचे पाय चालत होते. नवऱ्याची टायरची चप्पल तिला मोठी होत होती, पाऊल आत घसरत होतं.

आत: मॉनिटरची टिकटिक.

वर: ओंडका फुटल्याचा आवाज.

आत: कापड उघडलं. कडेला थोडी लाली होती. ती बघता बघता आत सरकली आणि आतडं एकदा, आळसावल्यासारखं, हललं.

वर: उजवी बाजू तांबूस.

कॉट

ताप आला, उतरला. सलाईन निघालं. आगवाल्याला पेज द्यायला लागले. टाक्यांपेक्षा पानाचा डाग उशिरा भरत होता आणि त्यावर माश्या बसू नयेत म्हणून मुलगा वर्तमानपत्राने वारा घालत बसे. भट्टीचं काय झालं हे आगवाला रोज विचारायचा. भाजून झाली, गार होतेय, एवढंच उत्तर यायचं. गार होईपर्यंत भट्टी उघडत नाहीत. आणि उघडेपर्यंत कुणालाच काही माहीत नसतं.

काकू आली त्या दिवशी तिच्या भुवया नव्हत्या.

"कोण गं तू?" आगवाला म्हणाला.

"ओळखू नका. बरं आहे ते." तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं कौल काढलं आणि त्याच्या छातीवर ठेवलं.

त्याने ते दोन बोटांनी टोकाला लटकवलं आणि दुसऱ्या हाताच्या पेराने वाजवलं. स्वच्छ, लांब आवाज निघाला. शेजारच्या कॉटवरच्या माणसाने मान वळवली. आगवाल्याने पुन्हा वाजवलं. मग रंग पाहिला. खिडकीकडे धरून पाहिला.

"सगळी अशी?"

"कडेची थोडी गेली."

"कडेची जातातच," तो म्हणाला, आणि कौल छातीवरून खाली ठेवीना.

ठिकरी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन आली त्याच वेळी मुकादम दारातून आत आला. सिस्टरने पडदा ओढला. मुकादम पडद्याबाहेर थांबला, चष्मा पुसला.

"डॉक्टरीणबाई, मालकांनी विचारलंय. काकांना चिरलं का?"

"ते काकांना विचारा."

"म्हणजे चिरलं."

पडद्याच्या आत ठिकरीने चिमट्याने जुनी पट्टी सोडवायला घेतली.

"तसं नाही," मुकादम म्हणाला, आता पडद्याशी बोलल्यासारखा. "माझं काही नाही. पण माणसं चढणार नाहीत हाताखाली. नियम आहे. काका बरे झाले की सळई द्यायला येऊ देत. पुढच्या भट्टीला बाहेरचा बघू. माती मळायला तर जागा आहेच."

आगवाल्याने डोळे मिटले. कौल धरलेली बोटं पांढरी झाली होती.

काकूने पडदा सारला.

"ह्या वेळची कौलं कशी निघाली?"

"चांगली निघाली. नाही कुठे म्हणतोय मी?"

"फोडून टाका सगळी."

"का हो?"

"चिरलेल्या बाईनं भाजलीत." तिने मुलाकडे बोट केलं. "हा पोट चिरून काढलाय. माझ्या माहेरी. उभा टाका आहे, बघायचाय?"

मुलाच्या हातातलं वर्तमानपत्र थांबलं. "मी?"

"नाही, शेजारचा!" काकू म्हणाली. "त्यानंतर डोक्यावर पांघरुणाची फुटकी कौलं घेऊन त्या माथ्यावर किती वेळा चढले असेन, आगीनं मला एकदाही विचारलं नाही कुठे चिरलीस म्हणून."

मुकादमाने चष्मा घातला, काढला. भट्टीच्या तोंडात लाकूड सारून त्याच्या तळहातांना फोड आले होते, ते अजून ओले होते. "मालकांना काय सांगू?"

"हेच."

"बघू," तो म्हणाला आणि पुढचं न बोलता गेला. त्याच्या पावलांचा आवाज व्हरांड्यात बराच वेळ ऐकू आला. मध्येच थांबला, छपराच्या कौलांकडे बघत असावा, मग पुढे गेला.

काकू कॉटच्या कडेवर बसली. ती हसली. मुलगाही हसला, रडवेला. हसली नाही ती ठिकरी. तिच्या चिमट्यात जुनी पट्टी अर्धी सुटलेली होती.

"तुझा हा मुलगा," ती काकूला म्हणाली, "माझ्यापेक्षा मोठा आहे ना?"

काकूच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्यामागून काहीतरी निघून गेलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

ठिकरीने पट्टी पूर्ण काढली. टाके कोरडे होते. वरपासून खालपर्यंत तिने एकेक टाका बघितला.

"काका, माझ्या बाबांना उतरवलं, तेव्हा काकू वर फुटकी कौलं चढवत होती."

"हो."

"चिरलेली."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

आगवाल्याने कौल बाजूला ठेवलं. उशीवर मान वळवून तो भिंतीकडे बघू शकला असता. बघितलं नाही.

"होतं," तो म्हणाला.

खोलीत माशी फिरत होती. मुलाने वारा घालायला वर्तमानपत्र उचललं आणि पुन्हा मांडीवर ठेवलं. ठिकरीने कापसाचा बोळा औषधात बुडवला, पिळला. जखमेवरून तिने तो तितक्याच हलक्या हाताने फिरवला जितक्या हलक्या हाताने काल फिरवला होता, परवा फिरवला होता. मग पानाच्या डागावर. तिथे नवी कातडी येत होती, गुलाबी, पातळ. चटका ओळखणारी.

त्याचं अंग ताठ झालं. ओठ हलले. काकूला वाटलं, आता म्हणेल जरा आहे.

"दुखतंय," आगवाला म्हणाला.

ठिकरीचा हात क्षणभर थांबला.

"दुखणारच," ती म्हणाली, आणि नवी पट्टी घेतली.